वेळ मिळाला असता तर...

आमच्या घरात सहलीची कल्पना नेहमी ह्यांना सुचते आणि सहलीची तयारी मला सुचते. कामाची ही वाटणी लग्न झाल्यापासून चालत आली आहे. मुलं लहान होती तेव्हा रात्री जेवताना ताकाचा शेवटचा घोट घेत हे एकदम म्हणायचे, "या सुट्टीत कुठंतरी जाऊन येऊ या." एवढं म्हटलं की ह्यांच्या बाजूची तयारी पूर्ण व्हायची. उरायचं ते किरकोळ. म्हणजे माळ्यावरून होल्डॉल काढून झटकणं, फिरकीचा तांब्या शोधणं, मग त्या तांब्याची फिरकी शोधणं, दशम्या करणं, सुकी चटणी कुटणं, मुलांचे स्वेटर, सासूबाईंच्या गोळ्या, त्या गोळ्या घ्यायला लागणारी सासूबाईंची स्वतंत्र वाटी, दूधवाल्याला नको सांगणं, पेपरवाल्याला नको सांगणं आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना तुळशीची आठवण करणं. हे मात्र एक काम न चुकता करायचे. दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, आणि एस.टी. स्टँडाबाहेर पडली की माझ्याकडे वळून विचारायचे, "गॅस बंद केलास ना?"

या सगळ्या सामानात माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट असायची. एक रंगपेटी, दोन ब्रश आणि चित्रांची एक वही. पिशवीच्या तळाशी, टॉवेलाच्या घडीखाली मी ती ठेवायची. लपवायचं काही कारण नव्हतं. पण दशम्या, गोळ्या आणि स्वेटर अशा कर्त्या मंडळींत रंगपेटीला वर बसवायचा धीर होत नसे, एवढं खरं.

चित्रकलेशी माझं नातं जुनं आहे. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. इंटरमिजिएटला मला 'बी' ग्रेड मिळाली तेव्हा ड्रॉइंगचे सर म्हणाले होते, "हात चांगला आहे. सोडू नकोस." लोक खाल्ल्या मिठाला जागतात, मी त्या एका वाक्याला जागत आले आहे. दाखवण्याच्या कार्यक्रमात माझ्या वडिलांनीही ते वाक्य थोडं वाढवून सांगितलं होतं. त्यावर होणाऱ्या सासूबाईंनी "म्हणजे रांगोळी येत असेल," असं म्हणून माझ्या कलेचा आवाका तिथल्या तिथे आखून दिला. सासरी ती कला वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीच्या रांगोळ्या झाल्या, भाचीच्या डोहाळजेवणाचा चंद्र झाला, चिरंजीवांच्या शास्त्राच्या वहीतला बेडूक झाला, जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद झाला. त्या बेडकाला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. एक मार्क गेला तो चिरंजीवांनी त्याच्या जठराला फुप्फुस असं नाव दिल्यामुळे.

पण बेडूक काढणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं. घरी ते जमायचं नाही. कागद पसरून बसावं तर कुकरची शिट्टी व्हायची, कुकर उतरवावा तर दारावरची बेल वाजायची आणि बेल वाजली नाही तर आज बेल का वाजली नाही म्हणून जीव अस्वस्थ व्हायचा. म्हणून मी ठरवलं की चित्रं सहलीत काढायची. सहल म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे सगळ्यांना सुट्टी. 'सगळे' या शब्दात आपणही येत असणार, असा माझा व्याकरणाचा समज होता.

सहलीला निघताना घराच्या भिंती तेवढ्या मागे राहतात, बाकीचं घर पिशवीत घालून आपण खांद्यावर घेतलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. १९८४ साली महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी बसून मी दोन झाडं काढली. तिसऱ्याचं खोड काढत होते तेवढ्यात बोटीचा नंबर लागला. ते खोड अजून तसंच आहे, त्याला पालवी फुटलेली नाही. १९८५ च्या मेमध्ये आम्ही हर्णैला गेलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा, भरपूर वारा, मुलं वाळूत रमलेली. डावीकडून सुरुवात करून मी जेमतेम निम्म्या तटापर्यंत आले, तेवढ्यात भरतीच्या लाटेनं कन्येची एक सँडल नेली. मग रडारड, शोधाशोध, आणि "तू तिथंच होतीस ना?" हा ह्यांचा ठेवणीतला प्रश्न. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्गाचं जे केलं नसेल ते आमच्या कन्येच्या सँडलनं केलं. माझ्या वहीत आजही त्या किल्ल्याला उजवी बाजू नाही.

अजिंठ्याला गेलो ते १९८६ च्या दिवाळीच्या सुट्टीत. ह्यांच्या बँकेची एल.टी.सी. होती, म्हणून सासूबाईही बरोबर होत्या. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून सकाळच्या एस.टी.नं शंभरएक किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत होता. या वेळी मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या दारात जाऊन आपण अर्धा ताससुद्धा बसू नये म्हणजे काय! जगानं १९८३ मध्ये ज्या जागेला वारसा म्हणून मान दिला, तिथं मला अर्धा तास मिळायला हरकत नव्हती.

सुरुवात पायऱ्यांपासूनच झाली. वर जाणाऱ्या पायऱ्या बघून सासूबाई खालीच थांबल्या. तिथं डोलीवाले असतात. खुर्चीला दांडे बांधून चार माणसं ती खांद्यावर घेतात. ह्यांनी भाव ठरवला, डोली समोर आणून ठेवली आणि सासूबाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. "अजून चार खांद्यांवरून जायची माझी वेळ आली नाही," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि त्या सगळ्यांच्या आधी वर पोचल्या. डोलीवाल्यांचे मोडलेले पैसे आणि त्यांची समजूत या दोन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या.

पहिल्याच लेण्यात पद्मपाणी बघितला. अंधाराला डोळे सरावले आणि तो हळूहळू भिंतीतून पुढे आला. हातात कमळ, किंचित कललेली मान आणि खाली झुकलेली नजर. मी भुवईची ती एकच रेघ बघत उभी राहिले. एवढी लांब, एवढी अलगद आणि मध्ये कुठंही न अडखळलेली. ती काढताना त्या माणसाला नक्कीच कोणी हाक मारलेली नसणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. तो रसिकाला शोभणारा नाही हे मला कळतं, पण आला त्याला काय करणार?

आमच्याबरोबरचा गाईड चांगला माहीतगार होता. त्यानं रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. मद्रास सैन्यातला हा अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला इथल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं आणि तो वर्षानुवर्षं इथंच राहिला. मोठमोठ्या कॅनव्हासवर त्यानं तैलरंगात चित्रं उतरवली, ती लंडनला गेली, आणि १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक सगळी जळाली.

"बघ!" हे माझ्याकडे वळून म्हणाले, "काढून तरी काय, शेवटी जळालंच की!"

ह्यांचा स्वभाव वाईट नाही. फक्त सांत्वन कोणत्या प्रसंगी करावं आणि कोणत्या प्रसंगी करू नये याचा त्यांना अंदाज नाही. मी काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, जळायला तरी ती चित्रं पूर्ण झाली होती. माझा अर्धा सुवर्णदुर्ग जळायचा म्हटलं तर जळेल केवढा?

सोळा-सतरा नंबरच्या लेण्यांपाशी आलो तेव्हा मी जाहीर केलं, "तुम्ही पुढं व्हा. मी अर्धा तास इथं बसणार आहे." सगळ्यांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री केली. मग सगळे गेले. मी बाहेरच्या कठड्याशी टेकले. समोर डोंगराचा तो घोड्याच्या नालासारखा बाक, त्यात एका ओळीत कोरलेली लेणी आणि खाली वाघूर नदी. वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि डोंगराची कड ओढायला घेतली.

पाचव्या मिनिटाला चिरंजीव आले, "आई, पाणी." सातव्या मिनिटाला कन्या आली. प्रत्येक चित्रांच्या लेण्याबाहेर चपला काढायच्या असल्यामुळे तिच्या बुटाचा बंद सुटला होता आणि तो बांधण्याची कला आमच्या घराण्यात मलाच अवगत होती. नवव्या मिनिटाला ह्यांचा आवाज आला, "अगं, तिकिटं कुठं ठेवलीस?" बाराव्या मिनिटाला सासूबाईंनी फक्त गोळीची वेळ सांगितली, मागितली नाही. त्यांचं सगळं मागणं असंच असायचं. पंधराव्या मिनिटाला एका परक्या कुटुंबानं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि "ताई, जरा आमचा सगळ्यांचा एक फोटो," असं म्हणून ते ओळीत उभे राहिले. त्या कुटुंबातली आई ओळीत उभी होती याचंच मला कौतुक वाटलं.

एवढं होऊनही डोंगराची कड पूर्ण होत आली होती. मी शेवटच्या वळणावर होते आणि मागून एक वानर आलं. त्यानं शंकरपाळ्यांचा डबा उचलला आणि मी दचकले, ती पेन्सिल थेट कागदाच्या बाहेर गेली. डोंगरावरून निघून आकाशात गेलेली ती रेघ माझ्या वहीत अजून आहे. आमच्या घरात तिला वानररेघ म्हणतात. वानर शंकरपाळे खात झाडावर बसलं, मुलं टाळ्या पिटायला लागली, आणि ह्यांनी लांबून विचारलं, "तू तिथंच होतीस ना?"

चित्र तिथंच संपलं. आम्ही पुढं निघालो आणि चोवीस नंबरच्या लेण्यापाशी गाईड म्हणाला, "हे अर्धवट राहिलेलं लेणं आहे. पूर्ण झालं असतं तर इथल्या मोठ्या विहारांत याची गणना झाली असती." पाचव्या शतकाच्या अखेरीला वाकाटक सम्राट हरिषेण गेला, राजाश्रय संपला आणि कारागीर काम टाकून निघून गेले, असं अभ्यासक सांगतात. आत ओबडधोबड खांब उभे होते, काही नुसते आखलेले. मला एकदम बरं वाटलं. म्हणजे एवढ्या मोठ्या मंडळींनाही वेळ मिळाला नव्हता तर! त्या लेण्याच्या दारात मी दोन मिनिटं जास्त थांबले. एखाद्या अनोळखी गावात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं झालं.

परतीच्या एस.टी.त मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा कन्येनं माझी वही काढून त्या डोंगराखाली आपलं चित्र काढलं होतं. किरणांचा सूर्य, घर आणि पाच माणसं. बाबा सगळ्यांत उंच, आजीच्या कपाळाला मोठं कुंकू, दादाच्या हातात चेंडू. "आणि ही कोण?" मी विचारलं. एक लहानशी बाई होती आणि तिच्या हातात तिच्याहून मोठी पिशवी होती.

"ती तू," कन्या म्हणाली.

पिशवीच्या बंदांची गाठसुद्धा तिनं बरोब्बर काढली होती. निरीक्षण चांगलं होतं. मी तिला तसं सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर ती वही माळ्यावर गेली. कोणी टाकली नाही, आपोआप गेली. चिरंजीवांची दहावी आली, मग बारावी आली, कन्येच्या मागोमाग त्याच परीक्षा आल्या, सासूबाईंचं अंथरूण आलं, लग्नकार्यं आली. कोणी चित्रांचा विषय काढला की मी म्हणायची, "वेळ मिळाला असता तर..." आणि वाक्य तिथंच सोडून द्यायची. हे वाक्य फार सुरेख आहे. ते पूर्ण करावं लागत नाही. ऐकणारा आपल्या मनानं पुढचं भरतो आणि तो सहसा बरंच उदारपणे भरतो. आमच्या भिशीतल्या बारा जणींपैकी एक वेळ मिळाला असता तर रेडिओवर गाणारी होती, एक नाटकात गेली असती, एकीच्या कविता छापून आल्या असत्या आणि मी चित्रकार. चहा-पोह्यांना एवढी मोठमोठी माणसं एकत्र जमायची, पण बाहेर कोणाला पत्ता नव्हता.

मध्ये सदतीस वर्षं गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत कन्येनं फोन केला, "आई, आम्ही मुलांना अजिंठा दाखवायला नेतोय. तू आणि बाबा चला. आणि तुझी रंगपेटी घे." जुनी रंगपेटी वाळून खडीसाखर झाली होती, म्हणून तिनं नवीनच आणून दिली. प्रवासाची सगळी आखणी जावयांनी मोबाइलवर केली. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हेही त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. ह्यांना हा जावई पहिल्यापासून पसंत आहे. गाडीत बसल्यावर सवयीनं हे माझ्याकडे वळले, "गॅस..." एवढंच म्हणाले, आणि पुढं त्यांचं त्यांनाच हसू आलं.

आता आपली गाडी फाट्यावर ठेवून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. वर गेल्यावर कन्येनं मला सावलीतल्या कठड्यावर बसवलं, बाटली शेजारी ठेवली आणि म्हणाली, "आई, आता तुझा मी-टाइम. दोन तास कोणीही तुला हाक मारणार नाही. मी सगळ्यांना नेते." हा मी-टाइम काय असतो ते नातीनं मला समजावून सांगितलं. माझ्या ध्यानात एवढं आलं की पूर्वी ज्याला 'आई कुठं गेली?' म्हणायचे, त्यालाच आता हे नाव आहे.

सगळे गेले. समोर तोच बाक, तीच लेणी. फेब्रुवारी असल्यामुळे वाघूर नदी कोरडी. मी वही उघडली आणि कान टवकारून बसले. पाच मिनिटं झाली, कोणी पाणी मागितलं नाही. दहा मिनिटं झाली, कोणाच्या बुटाचा बंद सुटला नाही. हे सगळं ठीक आहे ना, म्हणून मी दोनदा उठून वाटेवर बघून आले. झाडावरच्या एका वानराकडे आशेनं बघितलं, तर तेही पाठ फिरवून बसलं. शेवटी दुसरा काही इलाजच उरला नाही, तेव्हा मी चित्र काढायला घेतलं.

दीड तासात ते पूर्ण झालं. उजवी बाजू, डावी बाजू, वर आकाश, खाली नदी, सगळ्याला रंग. आयुष्यात पहिल्यांदा सहलीतलं माझं एक चित्र पूर्ण झालं होतं. मी वही हात लांब करून धरली आणि डोळे बारीक करून बघितलं.

चित्र वाईट होतं.

थोडंफार वाईट असतं तर मी इथं लिहिलंही नसतं. ते चांगलंच वाईट होतं. लेणी कबुतरांच्या खुराड्यासारखी आली होती आणि नदी पंचाच्या काठासारखी. तेवढ्यात हे दमून पुढं आले, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि मनापासून म्हणाले, "वा! कलिंगडाची फोड छान आली आहे."

मी हसले, पण आतून हलले. बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख दिसली. इतकी वर्षं मला वाटत होतं की वेळ मिळाला नाही म्हणून चित्रं राहिली. तेवढंच खरं नव्हतं. 'वेळ मिळाला असता तर' ही मोठी उबदार घोंगडी होती आणि तिच्याखाली मी पद्मपाणीची भुवई काढणारी चित्रकार म्हणून सुखानं झोपले होते. कुकरनं, सँडलनं, वानरानं माझी चित्रं मोडली, हे खरं. पण त्यांनी मला वाचवलंही होतं. पूर्ण झालेला सुवर्णदुर्ग कसा दिसला असता, हे मला कधी बघावंच लागलं नाही. घरात दुपारी सगळे झोपल्यावर अर्धा तास कधीच मिळाला नाही, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. मिळाला की मी कपाट आवरायची. कपाट हमखास चांगलं आवरलं जायचं.

मी उठले आणि एकटीच चोवीस नंबरच्या लेण्यापर्यंत गेले. अर्धवट खांब तसेच होते. या वेळी मला त्यांच्यावरचे छिन्नीचे घाव दिसले. ओबडधोबड, पण एकाशेजारी एक, दाट. वेळ संपेपर्यंत ते लोक ठोकत होते. वेळ मिळाला असता तर म्हणत त्यांनी डोंगर कोरा ठेवला नव्हता. मागच्या खेपेला मी त्यांना आपल्या आळीतले समजले होते, त्याची मला लाज वाटली. आणि गिलची चित्रं जळाली म्हणून अजिंठ्याच्या नकला थांबल्या नाहीत. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा इथं येऊन बसले. त्यांच्याही कामातलं बरंच १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेलं. तरी १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस होते, आणि पुन्हा कागद पसरले गेले. एवढ्या मोठ्या आगी लागूनही ही मंडळी हटली नाहीत, आणि मी शिळ्या भाताच्या फोडणीला घाबरून वही माळ्यावर टाकली होती.

परत जाताना बसच्या रांगेत कन्या माझ्या पुढं उभी होती. खांद्यावर पिशवी, एका हातात पाण्याच्या दोन बाटल्या, दुसऱ्या हातात नातवाचा स्वेटर. कॉलेजात असताना ती कथा लिहायची. वार्षिक अंकात बक्षीसही मिळालं होतं. मी विचारलं, "लिहितेस का गं काही?"

"सुचतं खूप," ती म्हणाली, "पण वेळच मिळत नाही गं आई. वेळ मिळाला असता तर..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. अगदी माझ्यासारखं, त्याच सुरात. घराण्यात बुटाचा बंद बांधायच्या कलेबरोबर हेही तिच्याकडे गेलं होतं तर! मी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून ह्यांच्या खांद्यावर दिली. हे बघतच राहिले. मग मी वही उघडून कन्येला चित्र दाखवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. लेकीच्या जातीला आईचं मन मोडवत नाही. "छान आहे," ती म्हणाली, "म्हणजे... रंग छान आहेत."

"वाईट आहे," मी म्हटलं. "आणि हे वाईट आहे हे कळायला मला सदतीस वर्षं लागली. हेच तेव्हा काढलं असतं तर आतापर्यंत वाईट चित्रं काढून संपली असती. तू वाट बघू नकोस. वाईट लिहायलासुद्धा वेळ लागतो. तो आधीच देऊन टाक."

"अगं पण आई, कधी? सकाळचे डबे, ऑफिस, मुलांचे क्लास..."

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "आणि कोणी हाक मारली तर वाक्य अर्धवट सोड. पण कागदावर सोड."

तेवढ्यात नातू आला आणि "आई, पाणी," म्हणाला. मी आणि कन्या, दोघींचे हात एकदमच पिशवीकडे गेले. पिशवी ह्यांच्याकडे होती. बाटली कुठल्या कप्प्यात आहे, हे शोधायला ह्यांना बस सुटेपर्यंत पुरलं, पण सापडली.

ते चित्र आता आमच्या फ्रीजवर लोहचुंबकानं लावलेलं आहे. येणारे-जाणारे कौतुकानं विचारतात, "नातवानं काढलंय वाटतं?" मी सांगते, "नाही, आजीनं. शिकतेय अजून." त्यानंतर मी आणखी अकरा चित्रं काढली. त्यातलं सातवं थोडं बरं आहे. ह्यांनी ते बघून काही न सुचवता नुसतंच "मंडईतला गणपती ना?" असं विचारलं, आणि तो खरोखरच गणपती होता.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. एवढ्या रात्री लेकीचा निरोप म्हणून काळजात धस्स झालं. उघडून बघितलं तर दोन पानांची कथा होती आणि वर एक ओळ, "वाईट आहे. वाच." कथा शेवटच्या परिच्छेदाच्या मध्येच तुटली होती. बहुतेक कोणीतरी हाक मारली असावी.

मी चष्मा लावून दोनदा वाचली. खरंच वाईट होती.

मी लगेच कळवलं, "मिळाली. आता दुसरी पाठव."